चौऱ्याऐंशी की एकशे आठ

पायांना पुठ्ठ्याच्या लांबच लांब पट्ट्या बांधून द्राक्षबागेत फिरणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. तो माझा शाळेपासूनचा मित्र गोरक्ष निघाला, याचं मात्र मला फारसं नवल वाटलं नाही.

डिसेंबरातली दुपार होती. बागेत मण्यांची विरळणी चालली होती आणि बायका घड हातात धरून हसत होत्या. गोरक्षने पिंपळगावच्या पॅकहाउसमधून द्राक्षपेट्यांचे पुठ्ठे आणले होते. ते कापून, जोडून त्याने स्कीच्या दोन जोड्या बनवल्या होत्या, एक अरुंद आणि एक रुंद. दोन ओळींच्या मधून तो पाय घासत जायचा, झाडापाशी वळायचा, परत यायचा. रुंद जोडीवर त्याने स्वतःच्याच पायावर पाय दिला आणि मांडवाच्या लोखंडी अँगलला मिठी मारली.

"पाय हायेत का होड्या?" बांधावरून त्याची बायको, रूपालीवहिनी, म्हणाल्या. "मोडेल तो अँगल. पायाचं काय, तो घरचाच हाय."

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या हर्षालीमुळे. पोरगी अंबडच्या कारखान्यात डिझाइनला आहे. तीन वर्षांपूर्वी ती गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करून आली. पुढच्या वर्षी तिने बापाला नेलं, आणि बाप नुसता पोरीच्या भरवशावर गेला तर वहिनींना झोप लागायची नाही म्हणून मलाही. मी चोपन्नाव्या वर्षी बर्फावर बसलो. गोरक्ष उभा राहिला. हा फरक आमच्यात सातवीपासून आहे.

गेल्या वर्षीपर्यंत आम्ही भाड्याच्या स्कीवर भागवलं. यंदा गोरक्षला स्वतःची हवी होती. दिल्लीच्या विक्रेत्याकडे त्याच्या मापाच्या दोनच जोड्या उरल्या होत्या आणि आज संध्याकाळपर्यंत कुठली ते कळवायचं होतं. स्कीची रुंदी मधल्या भागात मोजतात, मिलीमीटरमध्ये. एक जोडी चौऱ्याऐंशीची होती, यंत्राने दाबून सपाट केलेल्या, मळलेल्या उतारासाठी. दुसरी एकशे आठची, दोन्ही टोकं वर उचललेली, लवचिक.

कशासाठी हवी, हे गोरक्षने मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याला पाइनच्या रानात, रात्री पडलेल्या आणि कुणी न तुडवलेल्या बर्फातून हर्षालीबरोबर एकदा तरी नीट उतरायचं होतं. "घरी ती माझ्याशी हं-हं करती," तो म्हणाला होता. "झाडांत शिरली की मोठ्यांदा हसती. मी पार मागं असतो, मला नुसतं ऐकू येतं. पोरगी हसताना कशी दिसती ते एकदा बघायचंय."

गोरक्षने आता पुठ्ठे सोडले आणि निकाल दिला.

"अरुंद. नव्वद टक्के काय, शंभर टक्के अरुंद. आपण बागेत छोटा ट्रॅक्टर का घालतो? ओळीतून जायला. मोठा घातला तर खोडं सोलून काढील. झाडांतून जायचं तर अंग चोरून जायचं."

द्राक्षवाल्याला शोभेल अशीच ही चूक होती. पण बर्फात ट्रॅक्टरसारखं दोन ओळींत मावायचं नसतं; आधी बुडायचं नसतं. हे मला पक्कं माहीत, कारण गेल्या वर्षी हर्षालीनेच मला रुंद स्की घ्यायला लावली होती. "मनोजकाका, पसरट घ्या, तरंगाल," असं म्हणाली होती. म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती पुठ्ठे मोजायची टेप गुंडाळत होती.

"बरोबर आहे, पप्पा," ती म्हणाली. "अरुंदच घ्या. तुमच्या वयाला तीच बरी."

माझं खता-औषधांचं दुकान आहे. कोण फवारणीच्या आदल्या दिवशी येतो आणि कोण रोग पडल्यावर, यावरून मला घर कळतं. ही पोरगी आदल्या दिवशी येणाऱ्यांतली. तिला माहीत नसणं शक्यच नव्हतं.

वहिनी शेडमध्ये चहा टाकायला गेल्या, गोरक्ष हातपाय धुवायला टाकीवर गेला. मी तिला गाठलं.

"काय गं, बापाला बुडवतेस होय?"

"उलट आहे, काका. यंदा गाईडने निरोप दिलाय. ताज्या बर्फात, झाडांत यायचं तर शंभरच्या वरची स्की पाहिजे. बाकीच्यांनी मळलेल्या उतारावर राहायचं."

"म्हणजे अरुंद घेतली की..."

"की पप्पा उतारावर राहतील. तुम्ही बोलू नका, प्लीज."

मी बोललो नाही. माझ्या जमेला फार गोष्टी नाहीत. गप्प बसणं तेवढं आहे.

चहाबरोबर गोरक्षने दिल्लीला फोन लावला आणि तो सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला. द्राक्षाचा व्यापारी असो की बायकोचा मामा, त्याचं बोलणं सगळ्या शेडला ऐकू जायला लागतं.

"भाईसाब, वो चौऱ्याऐंशीवाला भेज दो."

"चौरासी?" विक्रेत्याला आधी आकडाच कळला नव्हता. "बढ़िया है. चलाओगे कहाँ?"

"झाडमें. पेड, पेड. ताजा बरफ में."

"तो फिर पतली क्यों ले रहे हो, साहब? डूब जाओगे! उधर के लिए एक सौ आठ लो. ऊपर रहेगी, झट से घूमेगी. थोड़ी खिलंदड़ है, पर आपकी सुनेगी. चौरासी तो अपनी ही लाइन पकड़ के चलती है. पेड़ों के लिए किसने बोल दिया आपको?"

"पाच मिनट में करता," म्हणून गोरक्षने फोन ठेवला. आपली चूक त्याला लगेच कळली, हे मी त्याच्या जमेला धरतो. खालच्या वाफ्यात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की चाकाखाली रुंद फळ्या घालणारा तोच. पण तो फळ्यांबद्दल बोलला नाही.

"हर्षाली, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला येड्यासारखं बागेत फिरू दिलं?"

"हो."

वहिनींनी कपावर गाळणी तशीच धरून ठेवली.

"मी नको असलो तर तसं सांग की. म्हातारा लोढणं होतोय, असं म्हण."

"तसं नाही, पप्पा. गेल्या वर्षी तुम्ही झाडाच्या बुंध्यापाशी बर्फात गेलात..."

"हां!" गोरक्षचा चेहरा उजळला. ही त्याची आवडती गोष्ट. गेल्या जानेवारीत पाइनच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात तो डोक्याकडून गेला होता. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत तो ती सांगतो. "उलटा! पाय वर, डोकं खाली, वटवाघूळ नुसतं..."

"बारा मिनिटं," हर्षाली म्हणाली.

गोरक्ष थांबला. त्याच्या गोष्टीत मिनिटं नसतात. आणि तो ही गोष्ट सांगायला लागला की हर्षाली दर वेळी पाणी आणायला उठते, हे मी पाहिलं होतं. पण उठते तहानेने, असं मीही धरून चाललो होतो.

"मी खाली पोचले, मागे वळून पाहिलं, तुम्ही नाही. परत चढायला लागले. हाका मारल्या. बर्फात हाक जात नाही, पप्पा, तोंडापाशीच पडते. मी दुसऱ्याच बाजूला शोधत होते. तुमच्या काठीचं टोक दिसलं नसतं तर... तुम्ही हसत बाहेर आलात. मी अजून नाही आले."

"बारा मिनिटं?" वहिनींनी हळूच मला विचारलं. त्यांना मी तीन सांगितली होती.

गोरक्षने चहा संपवला. बशी पालथी घातली, परत सुलटी केली.

"मग काय करायचं? तू सांग."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. शेतीखात्यातले साहेब बागेत यायचे तेव्हा आधी हा त्यांना काय करायचं ते सांगायचा.

"मला विचार करू द्या," हर्षाली म्हणाली. आणि बराच वेळ केला. "रुंद घ्या. पहिले दोन दिवस मोकळ्या उतारावर, ती अंगवळणी पडेपर्यंत. मग झाडांत, पण विरळ झाडांत. पुढे तुम्ही, मागे मी. मधे दोन झाडांचं अंतर."

"तीन."

"दोन."

"तू काय व्यापारी हायेस? अडीच तरी कर."

"दोन, पप्पा. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. कितीही मजा येत असली तरी."

"थांबन. पण पुढं मी कशाला? मला तर तू पुढं पायजे. तू कशी उतरती ते मला दिसायचंच नाय."

"नाही दिसणार. तुम्ही मला दिसायला हवेत. ऐकू येईल तुम्हाला. या वेळी जवळून."

गोरक्षने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

मग त्याने फोन उचलला, या वेळी स्पीकर न लावता, आणि शेडच्या कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात एकशे आठ सांगितलं.

चहानंतर ते दोघं बागेत गेले. पुढे तो, मागे दोन वेलांचं अंतर ठेवून ती. "थांबा," ती म्हणाली. तो आणखी चार पावलं गेला. "थांबा म्हणजे थांबा!" पुन्हा सुरुवातीपासून. दुसऱ्यांदा दोन पावलं जास्त झाली. तिसऱ्यांदाही दोनच, आणि वर तो म्हणाला की जमीन उताराची आहे.

"जमेल त्यांना?" वहिनींनी विचारलं.

"जानेवारीला अजून महिना आहे," मी म्हणालो.

पाचव्यांदा तो जागच्या जागी थांबला. मागे वळून पाहणार होता, पण तसं सांगितलेलं नव्हतं म्हणून पाहिलं नाही. मागे हर्षाली मोठ्यांदा हसत होती.