एक वाजून बारा मिनिटांची बातमी

मी एक मोबाइल बोलतोय. कुणा एकाच्या खिशातला नाही, वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या पत्रकारिता विभागाचा. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात विभागाचं नाव आणि नोंदणी क्रमांक घातलाय, जसा तिथल्या खुर्च्यांवर आणि पंख्यांवर असतो.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी जाईन, लग्नाचे फोटो काढीन. आलो ते थेट रत्नदीप सरांच्या टेबलावर. सर आधी बरीच वर्षं तालुक्याचे वार्ताहर होते. आता ते मुलांना बातमी लिहायला शिकवत. फळ्यावर कोण, काय, कुठे, कधी, कसं लिहून ते थांबत, आणि सहावा शब्द, 'का', मुलं आपल्या भाषेत पुरवत, "काऊन!"

माझ्यावर विभागाचं एक पान चालायचं. पाऊसपाणी, परीक्षा, बसच्या बदललेल्या वेळा, असल्या बातम्यांमुळे नऊ हजार लोक ते पाहत. रोज एक विद्यार्थी दिवसाचा संपादक. त्या दिवशी मी त्याच्या ताब्यात. सरांचा नियम एवढाच, की काहीही टाकण्याआधी संबंधित ठिकाणी दोन फोन लावायचे.

माणसाचा स्वभाव मला त्याच्या अंगठ्यावरून कळतो. कुंदनचा अंगठा वाऱ्यासारखा चाले. मथळे तर असे करी की सर वर्गात वाचून दाखवत. दामिनी उईकेचा अंगठा माझ्यावर टेकायलाच वेळ लागे. ती प्रत्येक ओळ ओठांतल्या ओठांत वाचायची, खोडायची, पुन्हा लिहायची. "तुही बातमी छापून येईस्तोवर पेपर रद्दीत जाईन," असं कुंदन म्हणायचा. ती हसायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं तिच्या अंगवळणीच पडलं होतं.

तो गुरुवार कुंदनचा होता. सर प्राचार्यांकडे बैठकीला गेलेले, फोन बंद. दुपारी एकच्या सुमाराला कुंदनच्या मावसभावानं, रुपेशनं, सेलूहून एक व्हिडिओ धाडला. अठ्ठावीस सेकंदांचा. बस स्टँडवर एक म्हातारी, तिच्या हातात तीन-चार वर्षांच्या पोरीचं मनगट. पोरगी किंचाळत हात सोडवून घेतेय. भोवती वीस-पंचवीस माणसं. "कोनाची होय ही पोरगी? बोल ना, कोनाची?" म्हातारी काहीतरी भरभर बोलतेय, पण ते कुणालाच कळत नाही. त्या आठवड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप सगळ्यांच्याच फोनवर फिरत होते. माझ्यावरही आले होते.

कुंदनच्या अंगठ्याला घाम सुटलेला मला जाणवला.

"दोन फोन लाव पयले," शेजारची स्वीटी म्हणाली.

"तेवढ्यात बाकीचे टाकून देतीन. मी प्रश्नचिन्ह लावतो ना."

एक वाजून बारा मिनिटांनी त्यानं टाकलं, 'सेलूत मुलं पळवणारी महिला सापडली?' खाली तो व्हिडिओ.

मी थरथरायला लागलो. दहा, चाळीस, दीडशे. वर्गातली पोरं भोवती जमली. मी इतका कधीच वाजलो नव्हतो, आणि खोटं कशाला सांगू, त्या दोन-चार मिनिटांत मलाही भारी वाटलं. मग खाली शेरे येऊ लागले. 'धरून ठेवा, आम्ही येतो.' 'पोलिसात देऊ नका, इथंच हिशेब करा.' 'नालवाडीवरून निघालो.'

दामिनी मागच्या बाकावरून उठून आली. तिनं मला कुंदनच्या हातातून घेतलं, आवाज पूर्ण वाढवला आणि मला कानाला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिचा कान गरम झाला होता.

"ते म्हातारी सांगून राह्यली, हे माह्या पोरीची पोरगी होय," ती म्हणाली. "पोरगी दवाखान्यात हाय, बाळंत झाली. नात मायजवळ जायासाठी रडून राह्यली."

"तुले कसं समजलं?"

"गोंडी होय ते. आमच्या घरी हेच बोलतात."

दोन वर्षं ही मुलं एका वर्गात बसली होती, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कुंदननं मला ओढून घेतलं. "पुसून टाकतो."

"पूस. पन त्यानं म्हातारी वाचत नाई," दामिनी म्हणाली. "पोलिसायले फोन लाव. मंग तुह्या भावाले."

कुंदननं ते पुसलं आणि एकशेबारा लावला. बोलताना तो दोनदा अडखळला, ठिकाण मात्र नीट सांगितलं. तोवर स्वीटी स्वतःच्या फोनवरून सेलूच्या दवाखान्याचा नंबर शोधत होती. मग कुंदननं रुपेशला लावला. घंटी वाजत राहिली. सहाव्या घंटीला त्यानं उचलला. पलीकडे नुसता कालवा.

"रुपेश, तिले हात लावू देऊ नको कोनाले. ते आजी होय त्या पोरीची."

"आता काय सांगून राह्यला? तूच तं टाकलं ना पानावर. लोकं तेच दाखवून राह्यले सगळ्यायले." त्याचा आवाज कापत होता. "एकानं गोटा मारला, भाऊ. रगत निंघून राह्यलं तिच्या कपायातून."

कुंदनच्या हातातून मी निसटलो आणि बाकावर आपटलो. माझ्या काचेवर कोपऱ्यापासून एक तडा गेला. दामिनीनं मला उचललं.

"दादा, फोन स्पीकरवर टाक अन् तिच्या तोंडापाशी धर."

आणि ती गोंडीत बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, जशी ती वर्गात कधीच बोलली नव्हती. मी आजवर कितीतरी आवाज इकडून तिकडे नेले होते, पण ही भाषा माझ्यातून पहिल्यांदाच जात होती. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, रडवेला, तुटक. दामिनी विचारी, ती सांगे.

"काजल नाव हाय तिच्या पोरीचं. कालच बाळंत झाली," दामिनी आम्हांला म्हणाली. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "हे फोनवरची बी त्याच टोयीतली असन!" आणि कालवा पुन्हा वाढला.

स्वीटीचा दवाखान्यात फोन लागला होता. तिकडच्या सिस्टरबाई वही चाळत होत्या. किती वेळ लागला सांगता येत नाही, माझ्या घड्याळात दीड मिनिट. "हाय, काजल हाय," स्वीटी म्हणाली. "मायचं नाव भागाबाई. नातीले घेऊन घंटाभर पयले घरी निंघाली."

दामिनीनं ते स्पीकरवर मराठीत सांगितलं, पेशंटचं नाव, वॉर्ड, सिस्टरबाईंचा नंबर. "ज्याले खरं वाटत नाई त्यानं आत्ता फोन लावा." कुणीतरी खरंच लावला असावा. कालवा ओसरत गेला. मग रुपेश म्हणाला, "गाडी आली पोलिसायची," आणि दामिनीनं ते म्हातारीला गोंडीत सांगितलं.

सर आले तेव्हा चार वाजून गेले होते. ते ओरडले नाहीत. कुंदनला म्हणाले, "आता खुलासा लिही." त्यानं लिहिलं, 'सदर व्हिडिओबाबत गैरसमज झाला होता.'

"गैरसमज झाला, का आपण केला?" सरांनी विचारलं. "अन् कोण, कुठे, कधी, हे कुठं गेलं?"

कुंदननं खोडलं. वाऱ्यासारखा अंगठा त्या दिवशी एकेका अक्षरावर थांबत होता. शेवटी उरलं ते असं: 'आज दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी आम्ही या पानावर खोटी बातमी टाकली. सेलूच्या स्टँडवरची महिला आपल्या नातीला घेऊन घरी जात होती. आम्ही एकही फोन लावला नाही. त्या जखमी झाल्या. चूक आमची आहे.' खाली त्याचं नाव. दामिनीनं तेच गोंडीत बोलून पानावर टाकलं.

खोटी बातमी चारशे बारा जणांनी पुढे धाडली होती. खुलासा एकसष्ट जणांनी.

रविवारी सर, कुंदन आणि दामिनी भागाबाईंच्या पाड्यावर गेले. मी दामिनीच्या हातात होतो. कपाळाला पट्टी बांधलेली भागाबाई अंगणात बसली होती. नात दारामागून बघत होती, बाहेर आली नाही. कुंदननं पाय धरले. तिनं 'ऊठ' म्हटलं, माफ केलं असं काही म्हटलं नाही. चहा दिला. मग, त्या दिवशी घाबरून जिभेवर न आलेल्या मराठीत, तिनं दामिनीला विचारलं, "त्या फोनातून माहा फोटो काढून टाकता येते का?"

"यातून काढला, आजी."

"अन् बाकीच्यायच्या?"



याला आता तीन वर्षं झाली. दामिनी नागपूरला रेडिओवर बातम्या देते, आठवड्यातून एकदा गोंडीतही. कुंदन एका दैनिकात आहे. तिथे त्याला हळू म्हणतात, असं ऐकलं. माझी बॅटरी फुगलीय, पाठ उचलली गेलीय, विभागानं नवा मोबाइल घेतलाय. पुढच्या महिन्यात भंगारात जाणाऱ्यांच्या यादीत माझा क्रमांक आहे.

पण विभागाचा जुना नंबर अजून माझ्यातच आहे. गेल्या मंगळवारी सरांनी मला चार्जिंगला लावलं आणि एक निरोप आला. कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्याचं नाव, 'सावध राहा, टोळी आली आहे', आणि खाली तोच अठ्ठावीस सेकंदांचा व्हिडिओ. म्हातारी अजून स्टँडवर उभी होती. पोरगी अजून किंचाळत होती.

मी आता फार दिवसांचा नाही, म्हणून एवढंच मागतो. ती कधी तुमच्या फोनवर आली, तर तिला पुढच्या गावाला धाडू नका. तिचं नाव भागाबाई आहे. तिला तिच्या नातीला घेऊन घरी जाऊ द्या.