एका जीबीत दोनशे बायबलं

‘‘एक जीबी म्हणजे नेमकं किती गं?’’ मालाएआनं सामोआतल्या आपल्या गावच्या दुकानाच्या काउंटरवर कोपरं टेकवून विचारलं.

‘‘मावशी, एक अक्षर म्हणजे एक बाइट,’’ फोनचं रिचार्ज मारणारी रोपेता म्हणाली. ‘‘हजार बाइटचा केबी, हजार केबींचा एमबी, हजार एमबींचा...’’

‘‘आकडे नकोत. बायबलात सांग.’’

रोपेता हसली. ‘‘अख्खं बायबल दोनशे वेळा लिहिलं तरी जागा उरेल.’’

‘‘अगं बाई! मग एक बास झाला. जन्माला पुरेल.’’

‘‘पण मावशी, व्हिडिओ असला की...’’ रोपेता सांगू लागली तोवर मालाएआ रस्त्याला लागली होती.

जन्मभर इस्पितळाच्या चादरी धुतलेली ही बाई हिशेबात कच्ची नव्हती. पण सध्या तिचा सगळा जीव आईत अडकला होता. म्हातारी फुआतिनो ऑकलंडला लेकाकडे अंथरुणाला खिळलेली. वर्षातून एकदा येणाऱ्या ‘मुलांच्या रविवारी’ पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये बायबलची वचनं म्हणतात, आणि यंदा मालाएआची नात सेला पहिल्यांदाच उभी राहणार होती. ‘‘पणतीचं वचन ऐकलं की मी जायला मोकळी,’’ असं म्हातारीनं सांगून ठेवलं होतं.

रविवारी चर्चमध्ये फोनवर आईचा चेहरा दिसला आणि मालाएआला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात शेजारचा फेतू कानाशी लागला.

‘‘ताई, सिडनीतल्या माझ्या भावालाही ही पोरं बघायचीत. तुझ्या नेटवर घेतेस?’’

सामोआत नाही म्हणायची रीत नाही. शिवाय दोनशे बायबलांतून चार पानं गेली तर काय बिघडलं? तिनं फोनचा हॉटस्पॉट लावून पासवर्ड सांगितला, तोही मागच्या बाकांना ऐकू जाईल असा. सगळं चर्च खूश झालं.

सेला समोर येऊन उभी राहिली, आणि आईचा चेहरा गोठला. मग नुसता काळा पडदा.

‘‘संपलं!’’ मालाएआला रडूच फुटलं. ‘‘अरे, अख्खा जीबी प्यायलात रे मेल्यांनो!’’

सगळ्यांनी माना खाली घातल्या. फेतूनं घाईघाईनं रग्बीचा सामना बंद केला.

‘‘भाऊ ना रे तो तुझा?’’

‘‘भावाशी बोलून झालं, ताई. मग...’’ फेतू ओशाळला. ‘‘घे, आता माझ्या नेटवर ये.’’

‘‘म्हणजे स्वतःचं होतं?’’

‘‘फुकटचं गोड लागतं, ताई.’’

चर्चभर हशा पिकला. ‘‘त्याचं संपलं तर माझं घ्या,’’ मागून कुणी ओरडलं. ‘‘माझंही!’’ पाद्रीबुवांनी सेलाला हातानं थांबवलं. ‘‘थांब बाळ. पणजीला येऊ दे.’’

पणजी पडद्यावर आली. सेलानं वचन सुरू केलं, दोन ओळी खणखणीत म्हटल्या आणि तिसरीला अडली.

आणि मालाएआनं उंच धरलेल्या फोनमधून फुआतिनोचा चिरका आवाज आला. तिसऱ्या ओळीचे पहिले दोन शब्द, हळू, तोंडात घास भरवावा तसे.

सेलानं गर्रकन मान वळवली. पाद्रीबुवांकडे सरळ पाठ करून तिनं उरलेलं सगळं वचन फोनकडे बघत म्हटलं. पलीकडे म्हातारीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मालाएआचा हात भरून आला होता, पण तिनं तो खाली घेतला नाही.