फॉर्मवरचे सहा ‘नाही’

मावशीचा धंदा रफूचा. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीशी टेबल, टेबलावर गोल भिंग आणि त्याखाली कुणाच्या तरी कोटाचं भोक. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि त्या भोकात उभे-आडवे असे विणायचे की कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये. हे काम तिनं एकतीस वर्षं केलं. काळ्या लोकरीवर काळा धागा घालताना माणूस पापणी मिटायचं विसरतो. तिचे डोळे त्यानंच गेले. म्हणजे दिसायचं सगळं, पण दुपारनंतर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं, आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या.

तिची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी पिंगी, डोळ्यांच्या दवाखान्यात मशीन चालवायची. तिथल्याच डॉक्टरांनी मावशीला थेंब दिले, गरम फडक्यानं शेक सांगितला, पापण्यांच्या कडा सुजल्या म्हणून रोज एक कॅप्सूल दिली. पाच आठवडे झाले तरी वाळू काही हटेना. तेव्हा पिंगी म्हणाली, “मावशी, प्रकाशाचे शेक घे. पापण्यांत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांतलं तेल घट्ट झालंय म्हणून तुझे अश्रू लगेच सुकतात. डोळ्यांखाली गालावर प्रकाशाचे झटके द्यायचे, की ते तेल मोकळं होतं. चार वेळा यायचं फक्त.”

“आणि काही झालं तर?”

“काय व्हायचंय? दोन दिवस लाल होतं. आम्ही रोज करतो.”

भाचीच सांगतेय म्हटल्यावर मावशीनं पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं मावशीच्या डोळ्यांत थेंब घातले आणि लगेच मधोमध दुमडलेला एक कागद पुढे केला. “इथे सही करा.” थेंबांमुळे सगळं धूसर दिसत होतं. मुलीनं बोट ठेवलं तिथं मावशीनं सही केली. आयुष्यभर एकेक धागा तपासून बघणाऱ्या बाईनं कागद न वाचता सही केली, याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस पुरला.

मग आतली खोली, टेकायची खुर्ची, गालांवर गार जेल, डोळ्यांवर काळी झाकणं. मशीन पिंगीच्या हातात होतं. पहिला झटका रबर ताणून सोडल्यासारखा लागला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मावशी दचकली.

“पिंगे, भाजतंय गं.”

“थोडं सहन कर मावशी, थोडेच राहिलेत.”

आणि राहिलेले तिनं दिले.

संध्याकाळी गालांवर फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. मावशीनं आरशात पाहिलं तर दोन्ही डोळ्यांखाली लांबट चौकोन उमटलेले, अगदी पट्टीनं आखल्यासारखे. दवाखान्यात फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “बर्फ लावा, होतं असं.” पिंगी मलम घेऊन धावत आली. ती दारातच रडायला लागली.

“रडू नकोस,” मावशी म्हणाली. “तू थांबली का नाहीस ते सांग.”

“मला वाटलं... सगळेच म्हणतात थोडं भाजतंय. तू काही ओरडली नाहीस.”

“तुझ्या हातात माझं तोंड होतं. ओरडायला कशाला हवं होतं? मी म्हटलं की भाजतंय.”

मलम तिपाईवर ठेवून पिंगी गेली.

पंधरा दिवसांत खपल्या पडल्या आणि खाली काळपट चौकोन राहिले. उन्हात डोळे मिटल्याशिवाय उभं राहवेना. गिऱ्हाईक कोट द्यायला आलं की आधी मावशीच्या गालांकडे बघायचं आणि मग कोटाकडे. शेवटी ती कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कुठली औषधं चालू आहेत?”

मावशीनं पिशवीतून कॅप्सूलची पट्टी काढून दिली. ती बघून त्यांनी चष्माच काढला.

“ही घेत असताना प्रकाश दिला?”

“ज्यांनी कॅप्सूल दिली त्यांनीच प्रकाशही दिला.”

“या औषधानं कातडी प्रकाशाला हळवी होते. हे आधी बंद करायला हवं होतं. शिवाय तुमचा वर्ण चांगला सावळा आहे. सावळी कातडी प्रकाश जास्त शोषते. अशा माणसाला जोर कमी ठेवतात, आधी कानाजवळ एकच झटका देऊन बघतात, फार गडद वर्ण असेल तर देतच नाहीत. कुणी वर्ण तपासला? तक्ता लावून पाहिला?”

“कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.”

“उपचार वाईट नाही,” ते म्हणाले. “पुष्कळांना गुण येतो. पण विचारायचं ते विचारल्याशिवाय द्यायचा नसतो.” डाग वर्षभरात फिके होतील, कदाचित एखादा राहीलही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तिला वाटत होतं की आपलं नशीब. आता कळलं की साधे दोन प्रश्न होते आणि ते कुणी विचारले नव्हते.

त्याच पावली ती दवाखान्यात गेली आणि आपल्या फॉर्मची प्रत मागितली. काउंटरवरच्या मुलीनं कुरकुरत दिली. कागदावर सहा प्रश्न होते. प्रकाशाला हळवं करणारी औषधं घेता का? कातडीवर डाग पडतात का? वर्ण गडद आहे का? सहाही प्रश्नांपुढे ‘नाही’वर बरोबरची खूण. मावशीनं कागद डोळ्यांजवळ नेला. चौथ्या खुणेची शेपटी मध्येच तुटलेली होती. काउंटरवर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. तिनं वरचा उचलला. तिथंही सहा खुणा आणि चौथीची शेपटी तिथंच तुटलेली. विणलेलं काय आणि छापलेलं काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. यांनी खुणांसकट फॉर्म झेरॉक्स करून ठेवले होते.

ती घरी पोचते न पोचते तोच थोरल्या बहिणीचा फोन आला. बातमी आधीच पोचली होती.

“अगं, झालं ते झालं. पिंगीची नोकरी घालवशील.”

“ताई, माझं तोंड बघितलंस का तू?”

“डाग जातील. नोकरी गेली तर कुठून आणायची?”

“मग पुढच्या बाईच्या तोंडावरही असेच चौकोन उमटू देत म्हणतेस?”

बहिणीनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मावशी दोन्ही कागद घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टर गोड हसले. “काकू, हजारात एखाद्याला होतं असं. आणि सही तुमचीच आहे ना?”

“मी तुमची काकू नाही. सही माझी आहे. खुणा कुणाच्या?”

डॉक्टरांनी कागद पाहिले आणि त्यांचं हसू आटलं. “ही स्टाफची चूक दिसते. मी बघून घेतो.”

“स्टाफला बोलवा मग.”

पिंगी आली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, “सांग ना तूच. आपण सगळ्यांना विचारतो की नाही?”

पिंगीनं टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. मावशीला वाटलं, ही आता मान डोलावणार, आणि आपलं नातं इथंच संपणार.

“नाही विचारत,” पिंगी म्हणाली. “एका पेशंटला बारा मिनिटं, असं तुम्हीच सांगितलंय. वर्णाचा तक्ता मशीनबरोबर आला तो अजून प्लास्टिकमध्येच आहे. मावशी म्हणाली होती भाजतंय. मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.”

“बाहेर जा,” डॉक्टर म्हणाले. ते पिंगीला म्हणाले, पण उठली मावशी. बाहेर येऊन तिनं काउंटरवरचा गठ्ठा उचलला आणि बाकांवरच्या लोकांपुढे उभी राहिली.

“प्रकाशाच्या शेकासाठी कोण कोण आलंय? माझे गाल बघा. तुमच्या वतीनं सहा उत्तरं आधीच देऊन ठेवलीत इथं. कुठली औषधं चालू आहेत ते आधी सांगा, मगच आत जा.”

काउंटरवरची मुलगी “अहो, अहो” करत राहिली. कोपऱ्यातल्या एका बाईनं पर्स उघडली, औषधाची पट्टी काढली आणि मावशीला दाखवली. तीच कॅप्सूल. ती बाई कुणाशी काही न बोलता चप्पल घालून निघून गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघं उठली.

मावशीनं वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली. सोबत दोन्ही फॉर्म जोडले, कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. पिंगीनं स्वतःच्या हातानं चार पानं लिहून दिली आणि नोकरी सोडली. काढून टाकायची संधी तिनं त्यांना दिली नाही. चौकशी होईपर्यंत मशीन बंद ठेवायचा हुकूम आला. डॉक्टरांकडून एका ओळीचं पत्र आलं, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ मावशीनं ‘गैरसोय’ या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि पत्र परत धाडलं.

वर्ष होत आलं. उजवा गाल जवळजवळ साफ झालाय, डाव्यावर एक चौकोन अजून आहे. डोळ्यांतली वाळू कमी-जास्त होत असते. ती वीस मिनिटं काम करते आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसते. बहीण अजून बोलत नाही.

पिंगीला मोठ्या इस्पितळात काम मिळालंय, तसल्याच मशीनवर. ती पेशंटला समोर बसवून सगळे प्रश्न मोठ्यानं वाचते, उत्तर येईपर्यंत थांबते. परवा सांगत होती, “लोक वैतागतात गं मावशी. म्हणतात किती वेळ लावता.”

“वैतागू देत,” मावशी म्हणाली आणि कोट भिंगाखाली ओढला.

“तू अजून चिडलीयेस माझ्यावर?”

“हो,” मावशी म्हणाली. “जेवून जा.”