तात्यांनी काचांना ऊन दाखवलं

विद्युल्लता सकाळी आठला कॉलेजला शिकवायला गेली की धामणकर नाक्यावरचं ते दोन खोल्यांचं घर तात्यांना खायला उठायचं. खाली दिवसभर कापडाचे लूम खडखडायचे, पण लूमशी काय बोलणार? नगरपालिकेतली कारकुनी संपली, पाठोपाठ बायको गेली. लेक संध्याकाळी यायची ती वहीत डोकं खुपसूनच जेवायची.

ती पीएच.डी. करत होती. झिंक ऑक्साईडचा थर दिलेल्या काचेवर पाण्याचा थेंब गोल बसतो. काचेला ऊन लागलं की तोच थेंब पसरून सपाट होतो, आणि काच काही दिवस अंधारात ठेवली की पुन्हा गोल बसू लागतो. हे शेवटचं सिद्ध करायचं राहिलं होतं. कॉलेजात कोण कधी कपाट उघडेल याचा नेम नाही, म्हणून तिने ऊन लागलेल्या काचा डब्यात घालून घरच्या कपाटात ठेवल्या. तात्यांनी विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला कंटाळा येईल ऐकून."

कंटाळा! बिचाऱ्यांना दुसरं होतं काय?

एप्रिल लागला. बायको करायची तसं तात्यांनी डाळी, चिंच, गोधड्या गॅलरीत उन्हाला घातल्या. डब्यातल्या काचा कोंदट होतील म्हणून त्याही ताटात मांडल्या. मग रोजच. अकराला काढायच्या, एकला ठेवायच्या, कडेने धरून, बोट न लावता. लेकीचं काहीतरी आपल्या हातात आहे, एवढ्यानेच त्यांना बरं वाटायचं.

तीन आठवड्यांनी विद्युल्लता काचा तपासायला कॉलेजात घेऊन गेली आणि रडतच घरी आली. "सोमवारपर्यंत जमलं नाही तर सर विषय बदलायला सांगताहेत. दोन वर्षं पाण्यात! इतके दिवस अंधारात ठेवूनही थेंब सपाटच."

तात्यांनी गॅलरीतल्या ताटाकडे पाहिलं. गप्प राहणं सोपं होतं.

"अंधारात नव्हत्या गं," ते म्हणाले. "मी रोज ऊन दाखवत होतो. खराब होतील म्हणून."

ती बघतच राहिली. मग एकदम हसली, डोळे पुसले आणि सरांना फोन लावला.

"सर, चूक काचांची नाही! त्यांना रोज ऊन लागत होतं. मुदत द्या, पुन्हा करते. हो, आता कुलपात ठेवीन... घरी? नाही सर, घरी दिवसभर कोणी नसतं." ती अडखळली. "म्हणजे, वडील असतात फक्त."

तात्या तिच्यासमोरच उभे होते.