फोनवरचे चार

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका.

कारखान्यात माझं बटण पहिल्यांदा दाबलं गेलं, तेव्हाच मला शंका आली की हे लोक मला कामाला लावणार. पुढे नीलिमाच्या लग्नात आंदण म्हणून मी घुग्घुसला आलो. माझ्या चटणीचं फार कौतुक झालं. मग नवा मिक्सर आला आणि मी सज्ज्यावर गेलो.

एके दिवशी मला अचानक खाली काढून घासलं गेलं. कारण विचारू नका, मीही घाबरून विचारलं नाही. ते नंतर कळलं. नीलिमाच्या दिव्यानीचं वजन वाढत नव्हतं. पोरगी दूध प्यायची नाही. आधी ग्लास हुंगायची, मग मांजरीला चाखवायची. मांजर आधी तिच्याकडे निरखून पाहायची. दुधात घालायला घरीच पौष्टिक पावडर करायची ठरली, आणि नव्या मिक्सरला लसणाचा वास येत होता.

नीलिमाने एटापल्लीकडच्या सोमारीबाईला फोन लावला. बाळंतपणात दोघींच्या खाटा शेजारी होत्या, तेव्हापासूनची ओळख. बाहेर कोळशाचे ट्रक धडधडत होते.

"बदाम, काजू, शेंगदाणे भाज. अन् चार टाकजो."

"चारच?"

"हाव, चारच! त्याच्याबिगर मजा नाई."

नीलिमाने चार बदाम, चार काजू, चार शेंगदाणे टाकले. माझं पातं गरगर फिरलं, पण एकाही दाण्याला धड लागलं नाही. बाराही जण भांड्याच्या कडेला चिकटून माझ्याकडे बघत राहिले.

दिव्यानीने दूध हुंगलं. "आई, यात काईच नाई."

"हाये."

"मंग दिसून काऊन नाई राह्यलं?"

पोरीचा संशय पहिल्यांदाच खरा निघाला होता.

रविवारी सोमारीबाई गाठोडं घेऊन बसने आली. नीलिमाने ते घाईत माझ्यात रिकामं केलं. काळे, टणक छर्रे! हा नव्या मिक्सरचाच कट, हे मी ओळखलं. नीलिमाचं बोट बटणावर गेलं.

"अवं थांब!" सोमारीबाई ओरडली. "कवच फोडा लागते. पात्याचा जीव घेतं का?"

"पन हे आनलं काय?"

"चार! फोनवर सांगतलं नाई का? तुमचे दुकानवाले चारोळी म्हनतेत तेच."

नीलिमा खाली बसली. "मी बाई चार-चार दाने टाकले."

सोमारीबाई इतकी हसली की मांजर घराबाहेर गेली.

मग दोघींनी कवचं फोडून गर निवडले. सगळं मंद आचेवर भाजलं, पूर्ण थंड केलं, वेलची घातली. "थांबून थांबून फिरव," सोमारीबाई म्हणाली, "नाईतर तेल सुटून लगदा होईन." इतक्या वर्षांत मला कुणी प्रथमच दम खाऊ दिला. साहजिकच मला संशय आला.

दिव्यानीने ग्लास हुंगला आणि परत आलेल्या मांजरीपुढे धरला. मांजरीने यावेळी निरखलं नाही. तोंड खुपसलं आणि लपलप पिऊ लागली.

"अवं, माहं हाय ते!" दिव्यानी किंचाळली. दुसरा ग्लास तिने भिंतीकडे तोंड करून तळापर्यंत संपवला.

"आई, उद्या चार टाकजो."

दोघींनी एकदमच विचारलं, "कोनते चार?"

"चमचे!"

मित्रांनो, गरम दाणे मिक्सरला देऊ नका, त्याला मध्ये मध्ये थांबू द्या, आणि बटण दाबण्याआधी भांड्यात एकदा डोकावून पाहा. मी आता ओट्यावर राहतो, नव्या मिक्सरच्या शेजारी. तो हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो. मी डोळा उघडाच ठेवलाय.