फोटोसाठी फुगवलेले फुप्फुस

मी एक जुने रबरी फुप्फुस आहे. मित्रांनो, हसू नका. तान्ह्या बाळांना श्वास देणारे यंत्र आधी मला जोडून तपासतात. काट्यावर ठरलेला दाब दिसेपर्यंत माझ्यात हवा वाढवायची, एवढेच काम.

जास्त हवेने बाळांची कोवळी फुप्फुसे कशी दुखावतात, यावर पाच देशांतल्या डॉक्टरांनी मिळून संशोधन काढले. सगळी यंत्रे एकसारखी लावता यावीत म्हणून एकच रबरी फुप्फुस पेटीतून देशोदेशी फिरवायचे ठरले. ते मी. मला केवढा अभिमान वाटला! पहिल्याच देशात तो उतरला. मला मध्ये ठेवून सगळे विद्वान फोटोसाठी उभे राहिले.

"अजून थोडं फुगवा हो," एक जण म्हणाले, "मेल्या माशासारखं दिसतंय."

फुगवले. पुढच्या देशाला त्याहून झकास फोटो हवा होता. फुप्फुसे जपण्यावर भाषणे ठोकणाऱ्यांपैकी एकालाही माझी कीव आली नाही. कीव राहू द्या, शंकासुद्धा आली नाही. ताणून ताणून मी सैल झाले.

पाचव्या देशातल्या रुग्णालयात सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी यंत्राची वाट पाहत होती. ती तळहाताएवढी, म्हणून वॉर्डातली आया-मावशी तिला गमतीने ठमाबाई म्हणे. यंत्र मला जोडले. मी सैल, त्यामुळे काटा वर चढेना. हवा वाढवत नेली. तिथल्या डॉक्टरबाई थबकल्या आणि मोठ्या साहेबांकडे वळल्या.

"सर, ही तर शाळेत जाणाऱ्या मुलाची हवा झाली. हिची फुप्फुसं फाटतील."

"चार देशांत चाललं, तुलाच बरं खटकतं!"

"चार देशांनी मिळूनच सैल केलंय याला."

त्यांनी कपाटातले कोरे फुप्फुस जोडले. तेवढ्याच हवेला काटा टोकाला जाऊन आदळला. साहेब खाकरले आणि चष्मा पुसू लागले. हवा कमी करून मगच यंत्र मुलीला लावले.

"अगं, आमच्या ठमाबाईंची छाती हलतेय का तरी?" मावशीने विचारले.

"हलतेय, मावशी. एवढीच हलायला हवी."

बाईंनी चारही देशांना यंत्रे पुन्हा तपासायला कळवले. चौघांचेही उत्तर एकच: आमच्याकडून निघताना फुप्फुस चांगले होते.

मी खणात गेले. कोऱ्या फुप्फुसाभोवती लगेच गर्दी जमली, कॅमेरा निघाला. "अजून थोडं..." म्हणत साहेबांनी बटणाकडे हात नेला. बाईंनी तो मनगटाशी धरला.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी रबर आहे, माझ्या जागी दुसरे येते. ठमाबाईंसाठी कपाटात दुसरा जोड नाही. "अजून थोडं" म्हणणारा कितीही मोठा असो, त्याचा हात धरा.