बाकड्याचे पाय

"याचे पणजोबा रंधा मारताना गेले, आजोबा करवत चालवताना आणि वडील दाराला बिजागरी बसवताना. तिघेही उभ्यानं, तिघेही चाळिशीच्या आत. आमच्या घरात अंथरुणात कोणी मरत नाही, डॉक्टर."

हे सांगताना सुताराच्या आईची मान ताठ होती. खाटेवरच्या मुलाने ओशाळून भिंतीकडे तोंड फिरवले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "आजी, ही पुण्याई नव्हे, आजार आहे. हृदयाचा स्नायू जाड होत जातो. क्वचित आढळतो, पण तुमच्याकडे पिढीजात आहे."

ज्या मरणांची बढाई तिने चारचौघांत जन्मभर मारली, ती अशी एका वाक्यात रोगाच्या खाती जमा झाली.

तपासण्यांनी सुनेचे दागिने गिळले, छातीत बसवलेल्या यंत्राने कारखान्यातले लाकूड कापायचे यंत्र. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटासाठी आगाऊ दिलेली सारी रक्कमही औषधांत गेली. आधीच आणलेल्या फळ्या तेवढ्या उरल्या. बाई एकदा रुग्णालयात येऊन बसल्या. कपाटाचे त्यांनी नावही काढले नाही, आणि ते मौनच म्हातारीला तगाद्याहून जड गेले.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते: जड काम कायमचे बंद, हलके करायचे तेही बसून. बसून रंधा मारणारा सुतार कोणी पाहिलाय का, असे म्हणत मुलगा एका दुपारी कामाच्या उंच बाकड्यापाशी उभा राहिला. आईला तो सापडला तेव्हा बाकड्याची कड घट्ट धरून होता, घामाने डबडबलेला.

"बाईंचं कपाट राहिलंय, आई. देणं ठेवून जाऊ का?"

"जायचं नाव काढशील तर याद राख. देणं फेडायला माणूस शिल्लक लागतो."

त्याला खाली बसवून तिने सुनेकरवी बाकडे आडवे पाडले आणि स्वतः करवत उचलली. सून घाबरली. "सासूबाई, पणजोबांचं बाकडं आहे ते."

"ठाऊक आहे. तिघांना उभं ठेवलं त्यानं. आता एकाला बसवील."

पाय वाकडेतिकडे कापले गेले. बाकडे डुगडुगू लागले. मुलगा कित्येक महिन्यांनी हसला. "सुताराच्या घरात पन्नास वर्षं काढलीस, आई. पाचर तरी घाल एका पायाखाली."

जड फळ्या सुनेने पेलल्या. सांधे त्याने जोडले, दमादमाने, बसून.

कपाट पोहोचले त्या दिवशी बाईंनी त्याचे दार उघडले, लोटले. ते आवाज न करता मिटले. बाईंनी सुताराकडे खुर्ची सरकवली. गिऱ्हाइकाच्या घरात सुताराच्या घराण्यातले आजवर कोणी बसले नव्हते. त्याने आईकडे पाहिले.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. मग ती बाईंकडे वळली. "फिटलं, बाई."